क्योतोत स्वस्तात मुक्काम

समुद्राकाठी वाढलेल्या आपल्या बेटावरच्या मंडळींना क्योतोत प्रथम चुकल्याचुकल्यासारखे होते. शहराला किनारा नाही. संध्याकाळी लोक कामो नदीच्या काठी जमतात. राहण्याचा हिशोब मात्र इथे जपून करावा.

जुन्या पद्धतीच्या ‘र्‍योकान’मध्ये भाडे बहुधा खोलीचे नसून माणशी असते, त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. तो आकडा खोलीचा समजून चौघांचे कुटुंब निघाले, तर खिशाला चौपट चाट! ‘मिन्शुकु’ हे घरगुती मुक्कामाचे ठिकाण त्याहून साधे व स्वस्त. जमिनीवर अंथरूण, न्हाणीघर बहुधा सामायिक. शाकाहारी असाल तर आधीच कळवा. भाजीच्या सारातही सुक्या माशाचा अर्क असतो.

शिवाय २०१८ पासून शहराचा मुक्काम-कर आहे. मार्च २०२६ पासून माणशी भाडे ६,००० येनच्या आत असल्यास दर रात्री २०० येन, त्यापुढे २०,००० च्या आत ४०० येन.

एप्रिलच्या आरंभी चेरीचा बहर, नोव्हेंबरात लाल पाने. तेव्हा दर कडाडतात. जानेवारी-फेब्रुवारीत ते उतरतात. थंडी मात्र बोचरी, तेव्हा लोकरीचे कपडे आठवणीने घ्यावेत.