मोटारीचा ताप व त्याची चिकित्सा

ता. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरास पहिली एस. टी. गाडी आली, आणि सरकारी मोटार-वाहतुकीचा आरंभ आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यावर झाला. आज बहुतेक घरांचा संबंध कोणत्या ना कोणत्या इंजिनाशीं येतोच. परंतु वैशाखाच्या उन्हांत करंजीच्या किंवा चंदनापुरीच्या घाटांत, पुढचें झांकण उघडून वाफेच्या ढगाआड उभी असलेली मोटार कोणीं पाहिली नाहीं? अशा गाडीभोंवतीं सल्ला देणारे पुष्कळ जमतात. कारण शोधणारा क्वचितच असतो. तें कसें शोधावें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इंजिन तापतें हा दोष नव्हे, तो त्याचा धर्मच आहे. जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकीं सुमारें एकतृतीयांशच चाकें फिरविण्याच्या कामीं येते. तितकीच धुराबरोबर निघून जाते. आणि उरलेलीपैकीं बहुतेक सिलिंडरांभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यास वाहून न्यावी लागते. हें तापलेलें पाणी पंपाच्या जोरानें वरच्या रबरी नळींतून रेडिएटरांत येतें, तेथील बारीक नळ्यांतून जातां जातां वाऱ्यानें निवतें, आणि खालच्या नळीनें पुन्हां इंजिनाकडे जातें. गाडी उभी असली म्हणजे वाऱ्याचें काम पंखा करतो. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाल असतो. इंजिन गार असतां तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, व पाणी सुमारें ८० ते ९० अंशांपर्यंत तापलें कीं उघडतो. तेव्हां पाणी, पंप, द्वारपाल, रेडिएटर आणि पंखा या पांचांपैकीं कोणीं काम सोडलें, एवढाच प्रश्न असतो.

या पांचांवर रेडिएटरचें झांकण देखरेख करतें. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच असल्यामुळें येथें उघड्या भांड्यांतील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. मोटारीच्या झांकणांतील स्प्रिंग आंतील पाण्यावर दाब ठेवते, म्हणून तें १०० अंशांच्या वर गेलें तरी उकळत नाहीं. आतां हें झांकण एकाएकीं काढलें तर काय होईल? दाब नाहींसा होतो, आणि इतका वेळ दबून राहिलेलें पाणी एका क्षणांत वाफ होऊन कारंज्याप्रमाणें उसळतें. असा प्रकार घाटांत मीं स्वतः पाहिला आहे. गाडी थांबतांच एका तरुणानें झांकणास हात घातला. “अरे बाळ, थांब, थांब!” असें त्याचे मामा ओरडले, परंतु तोंपर्यंत त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. इंजिनाचा बिघाड दोन दिवसांत दुरुस्त झाला. मुलाचा हात बरा होण्यास कित्येक आठवडे लागले.

म्हणून पहिला उपचार धीराचा. कांटा तांबड्या रेषेकडे जाऊं लागतांच गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित जागीं घ्यावी, इंजिन बंद करावें, आणि निदान अर्धा तास, लागल्यास अधिक वेळ, तें निवूं द्यावें. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये. धातु एकाएकीं आकसून त्यास तडा जाण्याचा संभव असतो. पंख्यापासूनही हात दूर ठेवावा. विजेचा पंखा इंजिन बंद असतांही आपोआप फिरूं लागतो.

इंजिन पूर्णपणें निवल्यावर रोग्यास क्रमानें प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न : पाणी आहे काय? तें कमी असेल तर गाडीखालीं थेंब पडले आहेत काय, नळ्यांचे सांधे ओले आहेत काय, हें पाहावें. बाहेर कोठेंही गळती नसून पाणी वारंवार कमी होत असेल, मागून पांढरा धूर सतत येत असेल, किंवा इंजिनाचें तेल ताकासारखें पांढुरकें दिसत असेल, तर सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट फाटलें असण्याचा दाट संशय घ्यावा. अशी गाडी पुढें न हांकतां ओढून कारखान्यांत न्यावी.

पाणी पुरेसें असल्यास दुसरा प्रश्न : ताप केव्हां चढतो? बाजारांतील गर्दींत उभें असतां चढतो व मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंखा, त्याचा पट्टा किंवा त्याचा फ्यूज तपासावा. घाट चढतांना किंवा वेगानें धांवतांना चढतो, तर रेडिएटर तुंबला असावा. सकाळीं गाडी सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत चढतो, तर द्वारपालाकडे पाहावें.

तिसरा प्रश्न नळ्यांस विचारावयाचा. कांटा वर गेला असतां वरची नळी गारच राहिली, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीं किंवा पंप फिरत नाहीं असें समजावें. मात्र पाणी कमी असलें तरी ही नळी गार राहूं शकते; म्हणूनच पाण्याचा प्रश्न आधीं. प्रश्नांचा क्रम चुकला तर खरें लक्षणही खोटें सांगतें.

आपल्या जिल्ह्यांत दोन कारणें विशेष लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. ऊंसाच्या हंगामांत उडणारें पाचट, धूळ आणि किडे रेडिएटरच्या पुढील जाळींत अडकून वाऱ्याची वाट बंद करतात; इंजिन गार असतां हलक्या हातानें ती धुवावी. दुसरें कारण विहिरीचें जड पाणी. चहाच्या भांड्यास आंतून जो पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांसही बसतो. यासाठीं शुद्ध केलेलें पाणी व कूलंट, गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. अडचणींत विहिरीचें पाणी घातलेंच, तर पुढें तें काढून टाकावें.

पालकांस एवढीच विनंती कीं, प्रवासास निघण्यापूर्वीं, इंजिन थंड असतां, मुलांस जवळ बोलावून पाण्याची खूण, पट्टा आणि नळ्या दाखवाव्या. आणि मुलांनो, चांगला वैद्य ताप पाहतांच औषध देत नाहीं. तो आधीं नाडी पाहतो व प्रश्न विचारतो. घाटांत गाडी थांबेल तेव्हां घाईनें पुढें जाणारा हात मागें घ्या. झांकण निवेपर्यंत तुम्हांस विचार करण्यास भरपूर वेळ मिळेल.