धानाच्या वाहतुकीकरिता ट्रॉलीची निवड

नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी या तालुक्यांत व वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शीच्या बाजूस धानाची मळणी आटोपली म्हणजे शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वाहतुकीचा. पूर्वी हे काम बैलबंडी करी. बंडीत आठ-दहा क्विंटल धान जाई. त्याहून फार अधिक भरल्यास बैलच जागचे हलत नसत. अर्थात वजनाची मर्यादा जनावर स्वतःच सांगे. ट्रॅक्टर ती सांगत नाही. तो ओढतो, आणि ओढतो म्हणून भरावयाचे, अशी समजूत आता रूढ झाली आहे. ट्रॉली घ्यावयास गेलेला शेतकरी प्रथम लांबी-रुंदी विचारतो व मग किंमत. ती किती वजन पेलते आणि ते वजन उतारावर थांबवावयाचे कशाने, हे क्वचितच विचारले जाते. आमच्या मते निवडीचा आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दोन फूट उंच फाळक्यांची ट्रॉली घेतली, तर तीत १२० घनफूट जागा होते. सुटे धान घनफुटास सुमारे १६ किलो भरते. सबब काठोकाठ भरलेल्या ट्रॉलीत १९ क्विंटलांच्या आसपास, म्हणजे ४० किलोची ४८ पोती धान मावते. वरोरा, राजुरा, कोरपना या काळ्या जमिनीच्या भागातील सोयाबीन घनफुटास २० किलोंच्या जवळपास असते. त्याचे २४ क्विंटल होतील. येथवर चिंता नाही. परंतु हीच ट्रॉली उन्हाळ्यात घरबांधणीच्या रेतीकरिता जाते. सुकी रेती घनफुटास ४५ किलो, आणि नदीतून काढलेली ओली रेती त्याहूनही जड. तीच ट्रॉली, तेवढीच उंची, पण वजन ५४ क्विंटल! धानाच्या मापाने केलेली कमान, आस व टायर या ओझ्याखाली दोन हंगामांत निकामी झाले, तर दोष कारागिराचा म्हणता येणार नाही. ज्यास रेती-मुरूम वाहावयाचा आहे त्याने फाळके ठेंगणे व सांगाडा भक्कम घ्यावा. ज्यास केवळ धान व तणस न्यावयाची आहे त्याने हलका सांगाडा घेऊन वरून काढता-घालता येणारी जाळी बसवावी.

ब्रेकांचा विचार याहून महत्त्वाचा. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारणतः दोन टन असते. रेतीने भरलेली ट्रॉली आपल्या सांगाड्यासह साडेसहा टनांपर्यंत जाते. दहा फुटांस एक फूट असा उतार धरला, तर ती ट्रॅक्टरला मागून सहा-साडेसहाशे किलोंच्या जोराने ढकलते, आणि तो जोर ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांनीच आवरावयाचा असतो. अशा वेळी वळण आले, रस्ता ओला असला, तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी सारते व दोन्ही उलटतात. नाल्यावरील रपट्याकडे उतरणारे आपल्याकडील रस्ते ध्यानात आणावेत. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक असणे ही चैन नव्हे. हुकाच्या पिनेला खिटी आणि तिच्या जोडीस एक मजबूत साखळी हवीच. पिन निसटल्यास साखळीच ट्रॉलीला धरून ठेवते. भरलेल्या पोत्यांवर मजूर बसविणे, किंवा त्याच ट्रॉलीत जत्रेची व वरातीची माणसे कोंबणे, ही चाल तर सर्वथा निंद्य होय. ट्रॉली ज्या कामासाठी केली त्यात माणूस धरलेला नाही.

दोन चाकी की चार चाकी, या वादास स्थळ पाहूनच उत्तर द्यावे लागते. दोन चाकी ट्रॉलीचा आस मध्याच्या किंचित मागे असतो. त्यामुळे ओझ्याचा काही भाग हुकावर येतो व ट्रॅक्टरची मागील चाके चिखलात चांगली रुततात. धानाच्या बांधीला लागून असलेल्या पांदणीतून, कार्तिकातही ओल न सुटलेल्या जागी, ती उपयोगी पडते. मात्र पोती मागे लोटली तर हुक वर उचलला जातो. सारी पुढे रचली तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकत नाही. चार चाकी ट्रॉली डांबरी रस्त्यावर स्थिर चालते व सोडून ठेवली तरी उभी राहते; परंतु अरुंद जागी ती मागे घेणे कठीण, हे गिरणीच्या फाटकाशी रांग लागली असता कळून येते.

हल्ली हार्वेस्टरने कापलेले धान सुटेच ट्रॉलीत पडते. फाळक्यांच्या सांध्यांतून दाणा गळत जातो, यास्तव सांध्यास रबरी पट्टी व तळाशी ताडपत्री असावी. वरून दुसरी ताडपत्री हवी ती दवाकरिता. आधारभूत खरेदीत १७ टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही. केंद्रावर रात्र काढावी लागली व माल उघडा राहिला, तर वाळविण्याचे श्रम फुकट जातात.

लांबच्या बाजारपेठेस ट्रॅक्टर नेणे परवडत नाही. त्याची गती मंद व डिझेलाचा खर्च भारी. तेथे चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून मालमोटार ठरवावी आणि ट्रॉलीने शेतापासून पक्क्या सडकेपर्यंतच काम करावे. मालमोटारीतही नोंदणीत लिहिलेल्या वजनाची मर्यादा पाळावी. २०१९ च्या कायदादुरुस्तीने जादा ओझ्यास वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार असा दंड सांगितला आहे.

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी असते, तेव्हा कागद देऊ न शकणाऱ्या कारखान्यातून स्वस्त ट्रॉली घेऊ नये. मागे तांबडे परावर्तक व दिवा असावा. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड गाड्या धावतात. त्या रस्त्याकाठी अंधारात उभी केलेली बिनदिव्याची ट्रॉली चालकास फार उशिरा दिसते. पैसे चुकते करण्यापूर्वी ट्रॉली ठरल्या वजनाने भरून गावाजवळच्या उतारावर एकदा उतरवून पाहावी, टायर जुने घासून नवे केलेले नाहीत याची खात्री करावी, आणि आसाच्या जोडावरील वेल्डिंग ओझे असतानाच तपासावे.