टायराचें माप आणि डिझेलचा हिशेब

मोठे टायर घातल्यापासून गाडी डिझेल अधिक खाते, अशी तक्रार शेतकरी बंधूंच्या तोंडून वरचेवर ऐकूं येते. कांहीं जण नेमकें याच्या उलट सांगतात. दोघेही प्रामाणिक असतात, परंतु हिशेब बहुधा कोणीच तपासलेला नसतो. असल्या न तपासलेल्या हिशेबावरून एका माणसास चोर ठरविण्याची चूक आमच्या हातून घडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या जीपगाडीस 215/75 आर 15 या मापाचे टायर होते. ते झिजल्यावर दुकानदाराच्या आग्रहास्तव आम्हीं 235/75 आर 15 हे घेतले. यांतील पहिला आंकडा टायराची रुंदी मिलिमीटरांत दाखवितो. दुसरा, रिमच्या कडेपासून धांवेपर्यंतची उंची त्या रुंदीच्या शेंकडा किती, तें सांगतो. व शेवटचा रिमचा व्यास इंचांत देतो. या हिशेबानें जुन्या चाकाचा व्यास 703.5 व नव्याचा 733.5 मिलिमीटर निघतो. म्हणजे शेंकडा सव्वाचार वाढ.

गाडीचा काटा जमीन मोजीत नाहीं; तो फेरे मोजतो व त्यांस कारखान्यांत ठरलेल्या घेरानें गुणतो. महसूल खात्यांत असतां जुन्या मोजणीच्या कागदांशीं आमचा नित्य संबंध येई. 33 फुटांची साखळी ओढाताणीनें लांबली, तर तोच बांध कमी साखळ्यांचा भरे व शेत कागदावर आकसे. मोठ्या टायराचें तसेंच आहे. वाट तितकीच, पण फेरे कमी. म्हणून काटा कमी अंतर दाखवितो. वेगही कमीच दाखवितो, हें विसरूं नये: काट्यावर 60 असतां गाडी खरोखर साडेबासष्टांनीं धांवत असते.

पूर्वीं 24 लिटर डिझेलांत काटा 300 किलोमीटर दाखवी. नव्या टायरांवर 288 दाखवूं लागला. लिटरमागें साडेबारांचे बारा झाले. आम्हीं आठ वर्षांच्या चालकावर डिझेल काढल्याचा आळ घेतला. तो एक शब्द न बोलतां किल्ली ठेवून निघून गेला. पुढें एके रात्रीं 288 ला 1.0426 नें गुणून पाहिलें, तों 300 भरले! थेंबभर डिझेल कोठें गेलें नव्हतें. आम्हीं त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. तो परत आला. मात्र आतां डिझेलची पावती न मागतां आमच्यापुढें ठेवतो, तें आम्हांस बोचतें.

मग मोठ्या टायरानें खर्चांत खरा फरक मुळींच पडत नाहीं काय? पडतो, पण दोहों बाजूंनीं. इंजिनाचा पीळ आंसापर्यंत पूर्वींइतकाच येतो. चाकाची त्रिज्या वाढल्यानें जमिनीवर लागणारा रेटा मात्र त्याच प्रमाणांत घटतो. जणूं प्रत्येक गिअर सव्वाचार टक्के जड झाला. सपाट डांबरी रस्त्यावर मोकळी गाडी धांवत असतां इंजिनाचे फेरे कमी होतात व थोडें डिझेल वांचूंही शकतें. परंतु भरलेली गाडी घाट चढूं लागली, कीं चौथ्यांत निघणारी चढण तिसऱ्यांत काढावी लागते. शिवाय रुंद टायर वजनानें भारी, त्यास दर वेळीं थांब्यावरून हलविण्यास अधिक बळ लागतें.

ट्रॅक्टरास मागें 13.6-28 ऐवजीं 14.9-28 टायर घातल्यास व्यास सुमारें 5 ते 6 सेंटिमीटरांनीं, म्हणजे शेंकडा 4 नें वाढतो. पी. टी. ओ.चे 540 फेरे इंजिनाशीं बांधलेले असल्यानें ते बदलत नाहींत, पण त्याच गिअरांत ट्रॅक्टर अधिक वेगानें चालतो. परिणामीं एकरीं 200 लिटर पडणारी फवारणी 192 लिटरांवर येते व रोटाव्हेटराखालीं ढेकूळ किंचित जाड राहतें. औषधाचें प्रमाण नव्यानें बसवून घ्यावें. भुसभुशीत रानांत मात्र रुंद टायर कमी घसरतो, आणि तेथें डिझेल खरोखर वांचतें. घसर पाहण्याची रीत सोपी आहे. चाकावर खडूनें खूण करून मोकळ्या ट्रॅक्टराचे दहा फेरे मोजावे, मग नांगर लावून दहा. समजा, पहिल्यानें 40 मीटर व दुसऱ्यानें 34 मीटर भरले, तर घसर शेंकडा 15 झाली. याहून अधिक बरी नव्हे.

चारही चाकांस ओढ असलेल्या ट्रॅक्टरांत केवळ मागचे टायर बदलणें ही तर उघड हानि. पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां किंचित वेगानें फिरावीं, अशा बेतानें त्यांचीं दंतचक्रें बसविलेलीं असतात. मागचा घेर वाढतांच तो मेळ मोडतो. पुढचे टायर घांसले जातात व दंतचक्रांवर अकारण ताण येतो. बदलावयाचे तर कारखान्यानें दिलेल्या जोडीनेंच पुढचे-मागचे बदलावे.

कोणताही टायर घेतल्यावर हवा बरोबर भरून, नेहमींचें ओझें घालून, सपाट जागीं दहा फेऱ्यांचें अंतर फितीनें मोजावें व डिझेलच्या वहींत पहिल्या पानावर लिहून ठेवावें. टायर झिजला कीं घेर पुन्हां घटतो. यासाठीं तें माप वर्षांतून एकदां नव्यानें घ्यावें, व ते वेळीं चालकास जवळ बोलवावें.