चोरकप्पा आणि त्याचे धोके

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राजवळ धोक्याची पाटी असते. ती कोणाची कृपा नव्हे. बोट कामगाराचे जाते, म्हणून ती लावावी लागते. संगणकाच्या डिस्कमधील चोरकप्प्यालाही हाच न्याय लावला पाहिजे.

हा कप्पा म्हणजे काय? ट्रूक्रिप्ट या प्रणालीने तो सामान्य माणसाच्या हाती दिला. २०१४ साली तिचे काम थांबले. तिच्यापासून निघालेली व्हेराक्रिप्ट आज वापरात आहे. डिस्कचा एक भाग कुलूपबंद केला की बाहेरून तेथे केवळ अर्थहीन आकड्यांची रास दिसते. आतल्या मोकळ्या जागेतही तशीच रास असते, आणि तिच्या आड दुसरा कप्पा दडवितात. एका परवलीच्या शब्दाने बाहेरचा कप्पा उघडतो, दुसऱ्याने आतला. कोणी दरडावून विचारले, तर पहिला शब्द सांगून सुटावे, ही कल्पना.

आता धोके पाहू. बाहेरचा कप्पा केवळ त्याच्याच शब्दाने उघडला, तर आत काही आहे हे प्रणालीलाही कळत नाही. त्यात नवे कागद ठेवीत गेले की आतले कागद मुकाट्याने पुसले जातात. दोन्ही शब्द देऊन ते राखता येतात. पण ही खबरदारी प्रत्येक वेळी आपणच घ्यावी लागते.

दुसरा धोका चहाडीचा. २००८ साली ब्रूस श्नायर व वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले, की कप्पा गप्प राहिला तरी विंडोज व्हिस्टा आणि वर्ड त्याच्या खुणा बाहेर ठेवून जातात. वेगवेगळ्या दिवशींच्या दोन प्रती कोणाच्या हाती पडल्या, तर मोकळ्या म्हटलेल्या जागेतील बदलही उघडे पडतात.

तिसरा धोका माणसांमधला. आणखी कप्पा नाही, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणजे ज्याच्यापाशी खरोखर काही नाही, त्याच्यावरचाही संशय फिटत नाही. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अन्वये कुलूप उघडण्यास साहाय्य नाकारणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

व्हेराक्रिप्टच्या माहितीपुस्तिकेत चोरकप्प्यासंबंधीच्या खबरदाऱ्या लिहिलेल्या आहेत, हे योग्यच झाले. परंतु पुस्तिका वाचतो कोण? सभासदांची यादी जो अशा कप्प्यात ठेवितो, तो शेकडो घरांची भाकरी त्या कुलपावर सोपवितो. म्हणून कुलूप हाती देणाऱ्याने त्याचे धोके आधी तोंडाने सांगावेत, आणि घेणाऱ्याने ते विचारल्यावाचून किल्ली हाती घेऊ नये.