दोऱ्याचे रान

हुरड्याच्या दिवसांत निमोण्याला नणंदेकडे गेले होते. सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून माझी भाची भरतकाम करीत होती. यंदा ती बारावीला आहे. लाकडी रिंगेत ताणलेले पांढरे कापड, मांडीवर रंगीत दोऱ्यांच्या लड्या आणि कापडावर छापलेले एक जंगल. टोकदार सूचिपर्णी झाडे, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अळंब्या, झुपकेदार शेपटीची तांबडी खार, टपोऱ्या डोळ्यांचे पाडस आणि मागे धुराडे असलेले छोटे घर. तिच्या आजी शेजारी बसून बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "बाई, ही झाडं कुठली गं? आपल्याकडं न्हाईत असली."

"आजी, जंगल आहे ते!"

"आसंल. पर कुणाचं?"

भाची हसली, मीही हसले. पण प्रश्न मनातून जाईना. कारण हेच जंगल माझ्याही लग्नाच्या रुखवतात होते. माझ्याच का, त्या काळच्या कितीतरी घरांत टीव्हीच्या कव्हरवर, उशीच्या अभ्र्यावर आणि टेबलक्लॉथच्या चार कोपऱ्यांत ते होते. बटरपेपरवरच्या नक्षीला सुईने बारीक भोके पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांचे रान उमटे. ते रान युरोपातले होते हे कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. ती लाल अळंबीच घ्या. तिला फ्लाय अ‍ॅगारिक म्हणतात. ती विषारी असते आणि बर्च, पाइन अशा झाडांच्या मुळांशी नाते जोडून वाढते. आमच्या दुष्काळी माळावर ती उगवायची कशी?

अशा गमतीच्या रानाला परंपरा मात्र मोठी आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मुली उठावाचे भरतकाम करीत. त्यात सुरवंट सिंहाएवढा असे आणि फुलपाखरू घराएवढे. प्रमाण चुकले म्हणून त्यांना कुणी रागावत नसावे. आपल्या शेजारी धारवाडकडे कसुती आहे. इरकल साडीच्या पदरावर गोपुर, रथ, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन असे सारे एकाच रांगेत उभे राहते. कसुतीत छापलेली नक्षी नसते. कापडाचे ताणेबाणे मोजून टाका घालायचा आणि गाठ मारायची नाही. त्या बायकांनी आपल्या डोळ्यांसमोरचेच जग मोजून कापडावर उतरवले. आम्ही मात्र छापील कागदावर विसंबलो.

दुपारी मी भाचीला म्हटले, "आपलं रान भरून पाहायचं का?"

"मामी, आपल्याकडे रान कुठलं? नुसता माळ."

तिचेही खरेच होते. जंगल म्हटले की आपल्याला गर्द हिरवेच दिसते. शिरूर, दौंड, बारामतीकडचा हा गवताळ माळ वर्षातले तीन-चार महिने हिरवा असतो आणि एरवी पिवळा, तांबूस, राखी. पण चिंकारा याच माळावरचा प्राणी. त्याच्यासाठी १९९७ मध्ये बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. मोराची चिंचोली तर शिरूर तालुक्यातच. आम्ही घराबाहेर एक चक्कर मारून आलो आणि लड्या पुन्हा मांडल्या. हिरव्या लड्या बहुतेक बाजूलाच पडल्या.

सहापदरी दोरा हातभर कापायचा आणि पदर एकेक करून वेगळा ओढायचा, म्हणजे गुंता होत नाही. बाभळीच्या खोडाला दोन तपकिरी छटांचे तीन पदर आणि दांडी टाका. काट्यांना पांढऱ्या एका पदराचे सरळ टाके. बाभळीची पिवळी गोंडेदार फुले म्हणजे तर गाठीच्या टाक्याचीच जागा: सुईला दोरा दोनदा गुंडाळायचा आणि सुई तिथेच खाली न्यायची. वाळलेल्या गवताला गव्हाळ, मातकट आणि फिक्या राखी दोऱ्याचे कमीजास्त लांबीचे टाके, सगळे वाऱ्याच्या एकाच दिशेने कललेले. मोराच्या मानेला एक पदर निळा आणि एक हिरवा एकाच सुईत ओवला, तेव्हा कुठे ती चमक आली. चिंकाऱ्याला दालचिनीच्या रंगाचा एकच पदर आणि लांबआखूड टाका. खारीच्या पाठीवर या वेळी पट्टे आले. टिटवी मात्र चिंकाऱ्याएवढी झाली. भाची उसवायला निघाली, तेव्हा मी तिला सुरवंटाची आणि सिंहाची आठवण करून दिली.

मग तिने सुई खाली ठेवली. "मामी, बिबट्या भरू का?"

नणंद आत धान्य निवडत होती. तिथूनच म्हणाली, "काही नको. घरात त्याचं चित्र कशाला?"

तिचे चुकत नव्हते. धरण-कालव्यांचे पाणी आले तसा या तालुक्यात ऊस वाढला. बारा-पंधरा महिने उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याला आडोसा मिळाला. मादी पिलेही उसातच घालू लागली. ऊसतोडीत बछडे सापडल्याच्या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यात पिंपरखेड परिसरात महिनाभरात तीन बळी गेले आणि त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. ज्या घरात संध्याकाळी पोरांना हाका मारून आत घेतले जाते आणि रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेला माणूस परत येईपर्यंत कुणाला झोप लागत नाही, त्या घरात बिबट्याला गमतीच्या चित्रात बसवायचे तरी कसे? पुस्तकातल्या जंगलात सगळेच प्राणी हसतात.

आजी म्हणाल्या, "काढू दे तिला. न काढल्यानं तो जाणार हाय का?"

नणंद काही वेळ गप्प राहिली. मग बाहेर येऊन कापडाकडे पाहत म्हणाली, "काढायचाच तर घरही काढ. आणि दार लावलेलं काढ."

बिबट्याला दोन दिवस लागले. आधी अंगावरचे केस जसे वळतात तसे पिवळसर टाके भरून घेतले. त्याच्या पाठीवरचे ठिपके नुसते काळे गोळे नसतात. तुटक कड्यासारखी फुले असतात आणि मधली जागा रिकामी असते. एकेका फुलाला तीन-तीन आखूड टाके, तेही जवळजवळ न चिकटवता. पायांवर आणि डोक्यावर मात्र भरीव ठिपके. भाचीने त्याला हसवले नाही आणि दातही दाखवले नाहीत. उसाच्या कडेला तो नुसता बसलेला आहे, समोर पाहतो आहे. बाजूला ठेवलेल्या हिरव्या लड्या सगळ्या त्या उसातच संपल्या.

मी निघाले तेव्हा घर तेवढे राहिले होते. बाहेरच्या भिंती झाल्या होत्या आणि दाराच्या चौकटीला ती काजे टाका घालत होती. एकाला एक लागून, जरा जास्तच घट्ट. सूर्य कलला. आतून नणंदेची हाक आली. भाचीने सुई कापडात टोचून ठेवली, रिंग उचलली आणि आजींना हात देऊन आत नेले.