सव्वापाच विमानांचं एम्स

नागपूरचा मिहान प्रकल्प म्हणजे साधारण 4,300 हेक्टर जमीन. नुसता आकडा डोक्यावरून जातो, म्हणून तिची पट्टी कापू आणि मुंबई ते पुणे अंथरू. दीडशे किलोमीटर लांब, आणि रुंदी? 287 मीटर! आपला एक्सप्रेसवे सहा लेनचा, ही पट्टी ऐंशी लेनची. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, किती गावांची शेतं तिच्यात गेली.

याच जमिनीवर 2017 मध्ये दसॉ-रिलायन्सच्या विमान कारखान्याची कोनशिला बसली. आधी सुटे भाग. मग 2025 मध्ये जाहीर झालं की अख्खं फाल्कन 2000 इथेच बनणार, फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच. विमान कसलं, बाण! टाकी एकदा भरली की 7,400 किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या एकोणपन्नास पट. हवेत वेग घेतला की मुंबई-पुणे अकरा मिनिटांत गडप. लोणावळ्याची चिक्की तोंडात विरघळायच्या आत पुणं.

आणि खुर्च्या? दहाच्या आसपास. विदर्भ एक्सप्रेस एका रात्रीत हजारावर माणसं मुंबईला नेते; तेवढ्यांसाठी या विमानाला शंभर खेपा माराव्या लागतील. कारागिरी अव्वल, हातांना काम मिळतं, त्यात खोट नाही. पण डिझायनरने कागदावर पहिली रेघ ओढली तेव्हा त्याच्यासमोर कोण बसलं होतं, ते खुर्च्या मोजल्या की कळतं.

आता किंमत. साडेतीन कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे ढोबळमानाने 300 कोटी रुपये. पाचशेच्या 60 लाख नोटा! सेकंदाला एक मोजा. जेवण नाही, झोप नाही, तरी 69 दिवस लागतील. विहिरींत मोजायचं? एका विहिरीला 5 लाख धरा. एका विमानात सहा हजार विहिरी! मुंबईहून पुण्याला निघा, दर पंचवीस मीटरला एक विहीर, थेट पुण्यापर्यंत. घ्या बाप्पा!

अजून दम आहे? याच मिहानमध्ये 2022 साली नागपूरच्या एम्सचं लोकार्पण झालं. खर्च 1,575 कोटींवर. विमानांच्या भाषेत सांगायचं तर सव्वापाच फाल्कन. म्हणजे विदर्भभरातून येणाऱ्या पेशंटांसाठी ओपीडी, ऑपरेशन थिएटरं, वॉर्ड, मेडिकल कॉलेज धरून जेवढा पैसा लागला, तेवढ्यात आकाशात पन्नासएक खुर्च्या.