चार बोटांचं अंतर

२८ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धांचा शेवटचा दिवस होता आणि भारताची पदकं शंभराच्या उंबरठ्यावर येऊन थांबली होती. त्याआधीच्या, म्हणजे २०१८च्या जकार्ता स्पर्धेत ७२ पदकं आली होती, तेव्हाही त्यांचं केवढं कौतुक झालं होतं. आता शंभर होणार का, एवढंच सगळे विचारत होते. चारशे मीटरच्या टी४७ गटात नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याचा एक विशीतला मुलगा ४९.४८ सेकंदांत सगळ्यांच्या पुढे पोचला. शंभरावं पदक आलं, तेही सोन्याचं. दिलीप महादू गावित. गाव तोरणडोंगरी.

स्पर्धा संपली तेव्हा भारताची १११ पदकं झाली होती. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते शंभरावं.

सुरगाणा म्हणजे गुजरातच्या सीमेला टेकलेला डोंगराळ आदिवासी तालुका. पावसाळ्यात भात आणि नागली, पाऊस सरला की कामासाठी बाहेर पडणारी माणसं. दिलीप लहान असताना झाडावरून पडला, जखम चिघळली आणि हात कापावा लागला. डोंगरातल्या गावात अशी वेळ आली की दवाखाना किती लांब आहे यावर पुढचं सगळं ठरतं. त्याचं धावणं मात्र सुटलं नाही. पुढे नाशिकमध्ये वैजनाथ काळे या प्रशिक्षकांच्या हाताखाली त्याच्या धावण्याला शिस्त आली.

एक हात नसला तर धावण्यात काय अडतं, असं पाहणाऱ्याला वाटेल. धावायचं तर पायांनीच! पण नुसतं घरातल्या घरात चार पावलं पळून बघावं, एक हात अंगाला घट्ट धरून. उजवा पाय पुढे गेला की डावा हात पुढे येतो. पाय धड एका बाजूला पिळतात आणि हात तो पीळ उलट्या बाजूने सोडवतात. हातांची जोडी मोडली की ते काम पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना करावं लागतं, आणि तेही प्रत्येक पावलाला. शर्यतीची सुरुवात तर आणखी अवघड. स्टार्टिंग ब्लॉकमध्ये पाय अडकवून धावपटू दोन्ही हातांची बोटं रेषेमागे टेकवतो, खांदे पुढे झुकवतो आणि अंगाचा बराच भार त्या बोटांवर घेतो. एका हाताचा धावपटू असा वाकला की कललाच. म्हणून नियमांनी त्याला नसलेल्या हाताखाली छोटा ठोकळा किंवा गादीसारखा आधार ठेवायची मुभा दिली आहे. टी४७ मधला टी म्हणजे ट्रॅक, आणि ४७ हा एका हाताने दिव्यांग असलेल्या धावपटूंचा गट.

त्यातून शर्यत चारशेची. ट्रॅकची पूर्ण एक फेरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपापल्या लेनमध्ये. वळणांमुळे बाहेरच्या लेनची फेरी लांब पडते, म्हणून आठव्या लेनमधल्या धावपटूला पहिल्या लेनच्या तब्बल ५३ मीटर पुढे उभं करतात. तो बराच वेळ कुणालाच न पाहता धावतो. मागचे किती जवळ आले हे त्याला स्पाईकच्या, म्हणजे खिळ्यांच्या बुटांच्या, आवाजावरून कळतं. तीनशे मीटरपर्यंत शरीर कसंबसं साथ देतं. त्यानंतर स्नायूंत आम्लता चढते, मांड्या दगडासारख्या होतात. शेवटच्या शंभर मीटरमध्ये एखादा मुसंडी मारून पुढे गेला असं प्रेक्षकांना दिसतं, पण खरं तर तिथे वेग कुणाचाच वाढत नसतो. सगळ्यांचाच उतरतो. ज्याचा सगळ्यांत कमी उतरतो, तो पुढे दिसतो.

आता जरा महाराष्ट्राच्या धावपटूंची नावं आठवून पाहू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली कविता राऊत, सावरपाडा एक्स्प्रेस. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तीन हजार मीटर स्टीपलचेस, २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये रौप्य. साताऱ्याची ललिता बाबर, नाशिकची संजीवनी जाधव. सगळी लांब पल्ल्याची माणसं. हा योगायोग नाही आणि मराठी माणसाच्या पायांत वेग नाही असंही नाही. लांब पल्ल्याला रस्ता पुरतो. गावातून फाट्यापर्यंत पाच किलोमीटर डांबर आहे, चढ आहे, पहाट आहे. एवढ्यावर चांगला धावपटू उभा राहू शकतो. शंभर-दोनशे-चारशेला ते चालत नाही. त्याला सिंथेटिक ट्रॅक हवा, ब्लॉक हवेत, स्पाईक हवेत, व्यायामाची साधनं हवीत, आणि मांडीमागचा स्नायू दुखावला तर तो त्याच आठवड्यात हाताळणारा जाणकार हवा. स्प्रिंटर वर्षानुवर्षं धावतो तो सेकंदाच्या काही शतांशांसाठी. ते शतांश डांबरावर सापडत नाहीत.

चारशेच्या शर्यतीत दिलीपच्या वेगाने सेकंदाचा एक शतांश म्हणजे साधारण आठ सेंटीमीटर. आपल्या भाषेत चार बोटं. ते अंतर स्टॉपवॉचला दिसत नाही, कारण बंदुकीचा धूर दिसल्यावर माणसाचं बोट बटणावर दाबलं जाईपर्यंतच त्याहून कितीतरी जास्त वेळ गेलेला असतो. म्हणून स्टॉपवॉचवरच्या शंभर-दोनशे मीटरच्या वेळेची यंत्राच्या वेळेशी तुलना करताना तीत ०.२४ सेकंद मिळवण्याचा रिवाज आहे. गावच्या मैदानावर 'टायमिंग आलं' म्हणून उड्या मारलेल्या मुलाची पहिल्या इलेक्ट्रॉनिक ट्रॅकवर निराशा होते, तिचं कारण बहुधा हेच असतं.

आणि गावच्या मैदानावर मुलं काही थोडी नाहीत. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याने पहाटे गाडीतून जावं, दिव्याच्या झोतात पळणारी पोरं-पोरी दिसतातच. पोलीस भरती! मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण एकट्या शंभर मीटरचे असतात. म्हणजे राज्यातली हजारो तरुण मुलं दरवर्षी जीव तोडून शंभर मीटर पळतात आणि त्यांची वेळ कुणीतरी लिहून घेतं. भरती झाली की ती पळणं थांबवतात, झाली नाही तरी थांबवतात. त्या याद्यांमधून वेगवान पाय वेचून काढणारी एखादी यंत्रणा उभी करायला काय हरकत आहे? नोकरीची गरज मोठी आहे, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण एवढा वेग डोळ्यांसमोरून जातो आणि त्याच्याकडे फक्त गुण म्हणून पाहिलं जातं, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

असा न घडवलेला वेग पुण्यात शंभर वर्षांपूर्वीही दिसला होता. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी, शेतावरून आलेले धावपटू पाहून दोराबजी टाटा चकित झाले. शास्त्रशुद्ध सराव नाही, नियम माहीत नाहीत, आणि तरी वेळ इतकी चांगली. ऑलिंपिकला माणसं पाठवायची तर वेळेचे निकष काय असावेत, ही चर्चा निघाली तेव्हा जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाने शंभर यार्डांचा हिशेब मिनिटाच्या भाषेत सांगितला. हा मामला सेकंदांचा आहे हे टाटांनी त्याला समजावून सांगितलं. तरीही १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, सदाशिव दातारही धावले.

असा वेग वेळेवर हेरला तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियातल्या गाउट गाउटच्या गोष्टीत दिसतं. दक्षिण सुदानमधून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा २९ डिसेंबर २००७ रोजी जन्मला आणि ब्रिस्बेनजवळच्या इप्सविचमध्ये वाढला. शाळेतच डाय शेपर्ड या प्रशिक्षक बाईंनी त्याच्यातला वेग हेरला. २०२४ मध्ये लिमाच्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत दोनशे मीटरचं रौप्य मिळालं. त्याच डिसेंबरात, सतरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, ब्रिस्बेनच्या अखिल ऑस्ट्रेलिया शालेय स्पर्धेत त्याने दोनशे मीटर २०.०४ सेकंदांत पार केले. पीटर नॉर्मनने १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये नोंदवलेला २०.०६चा राष्ट्रीय विक्रम ५६ वर्षांनी पडला. उसेन बोल्टची सोळाव्या वर्षीची २०.१३ ही वेळही मागे पडली.

या सगळ्यात एक शब्द पुन्हा वाचावा असा आहे: शालेय. देशाचा विक्रम शाळेच्या स्पर्धेत मोडला, कारण शाळेच्या स्पर्धेला विक्रम मोजता येईल असा ट्रॅक, तसं घड्याळ आणि वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्रही होतं. वाऱ्याचं महत्त्व लहान नाही. पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असला तर वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. २०२५च्या एप्रिलमध्ये पर्थला गाउट १९.८४ सेकंदांत धावला, वारा निघाला २.२, ती वेळ विक्रमात आली नाही. जूनमध्ये ऑस्ट्राव्हाला मात्र नियमात बसणाऱ्या वाऱ्यात २०.०२ आले. अर्थात इतक्या सोयी असूनही नॉर्मनचा विक्रम ५६ वर्षं टिकला होता, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे मिल्खा सिंग यांची रोममधली ४५.७३ ही चारशेची वेळ परमजित सिंगने १९९८ मध्ये मागे टाकेपर्यंत ३८ वर्षं राहिली.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला डायमंड लीगच्या २३ वर्षांखालील दोनशे मीटरमध्ये गाउट २०.१० सेकंदांत जिंकला. त्याच शर्यतीत छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यातला अनिमेष कुजूर २०.५५ सेकंदांत चौथा आला. त्याच वर्षी अनिमेषने शंभर मीटर १०.१८ आणि दोनशे मीटर २०.३२ असे दोन्ही भारतीय विक्रम केले होते. तो भुवनेश्वरच्या ॲथलेटिक्स प्रशिक्षण केंद्रात सराव करतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीचा तेजस शिरसेही त्याच केंद्रात घडला. मे २०२४ मध्ये फिनलंडला ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत धावून त्याने सिद्धांत थिंगालयाचा १३.४८चा राष्ट्रीय विक्रम मोडला. रोजचा उत्तम ट्रॅक, जाणकार प्रशिक्षक आणि आपल्याहून वेगवान माणसांबरोबरच्या शर्यती मिळाल्या की आपली मुलंही शतांश कापतात, हे या दोघांनी दाखवलंय. फक्त भुवनेश्वरपर्यंत पोचायला हवं.

तोवर मुलं आपापल्या बळावर तग धरतात.  वाराणसीत सोनभद्रचा रामबाबू वेटरचं काम करत चालण्याच्या शर्यतीचा सराव करत होता. २०२३च्या आशियाई स्पर्धेत हांगझोऊलाच मंजू राणीबरोबर त्याला ३५ किलोमीटरच्या मिश्र सांघिक शर्यतीत कांस्य मिळालं. अशा मुलांच्या चिकाटीचं आपण भरभरून कौतुक करतो. पण अशी किती मुलं वेटरच्या कामातच थकून गेली, त्यांची यादी कुठेच नसते.

दिलीपच्या बाबतीत यंत्रणेच्या आधी एक माणूस उभा राहिला. काळे सर काय किंवा शेपर्ड बाई काय, त्यांचं काम फोटोत दिसत नाही. मुलगा आज कसा झोपला, काल किती फेऱ्या झाल्या, आज तीनशेची तिसरी फेरी त्याच्याकडून धावून घ्यावी की थांबवावं, हे रोज ठरवायचं आणि वर्षानुवर्षं ठरवत राहायचं. विशेषतः चारशेच्या सरावात थांबवणं ही मोठी विद्या आहे. एक फेरी जास्त झाली की पुढचा आठवडा वाया.

२०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये दिलीपने चारशे मीटरची अंतिम फेरी गाठली आणि तो आठवा आला. मोरोक्कोच्या आयमन एल हद्दावीने ती शर्यत ४६.६५ या विश्वविक्रमी वेळेत जिंकली. हांगझोऊच्या ४९.४८शी तुलना केली तर फरक २.८३ सेकंदांचा, म्हणजे दिलीपच्या वेगाने सुमारे २३ मीटर. प्रशिक्षकाच्या वहीत हे २३ मीटर एकगठ्ठा लिहिलेले नसतात. थोडे ब्लॉकमधून बाहेर पडण्यात, थोडे पहिल्या वळणावर, थोडे पाठीमागच्या सरळ पट्ट्यात, आणि बरेचसे तीनशेच्या खुणेनंतर, जिथे मांड्या जड होतात आणि खांदा एका बाजूला ओढू लागतो. ते तिथून चार-चार बोटांनीच काढावे लागतात. पुढची आशियाई पॅरा स्पर्धा ऑक्टोबर २०२६ मध्ये जपानच्या आयची-नागोयाला आहे.